सर, मी मेलो

आमच्या कॉलेजात नव्यानं आलेला माणूस पहिल्या आठवड्यात एकदा तरी दचकतो. आपण कॅन्टीनमध्ये निवांत चहा घेत बसलेले असतो. तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातला एखादा धडधाकट मुलगा धापा टाकत आत येतो, कोपऱ्यातल्या टेबलापाशी सरळ उभा राहतो आणि सांगतो, "सर, मी मेलो."

कोपऱ्यातला माणूस हातातला वडापावसुद्धा खाली ठेवत नाही. फक्त विचारतो, "कशामुळं?"

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा अर्धा चहा टेबलावर सांडला होता. नंतर कळलं की वडापाववाले ते ओव्हाळ सर, मेलेला मुलगा तिसऱ्या सेमिस्टरचा, आणि ज्या खेळात तो मेला होता तो कॉम्प्युटरवर आणण्यासाठीच मला नोकरीवर घेतलं आहे.

तळेगाव दाभाडेच्या एमआयडीसीला लागून बोटीवरचे इलेक्ट्रिकल ऑफिसर तयार करणारं कॉलेज आहे, असं सांगितलं की पुनावळ्यातल्या माझ्या शेजारणी हसतात. "समुद्र कुठाय गं तुमच्या तळेगावात?" समुद्र नाही, बाई. बघायचा तर घाट उतरावा लागतो. पण चाकणच्या कारखान्यांनी मोडीत काढलेली पॅनेलं, मोटरी आणि स्टार्टर आमच्या लॅबमध्ये ढिगानं आहेत, आणि ओव्हाळ सर होते. शिकायला तेवढं पुष्कळ होतं.

सर पिंपरीतल्या कामगार वसाहतीत वाढलेले. वडील एका कंपनीत जळालेल्या मोटरींना नव्यानं तार गुंडाळायचे. सर आयटीआय करून बोटीवर गेले आणि बावीस वर्षं जगभर फिरून परत पिंपरीतच आले. बोटीवर विजेच्या माणसाला 'बत्ती साब' म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. बुटका, गोल माणूस, चष्म्याला दोरी. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, यांच्या खिशाला टेस्टर. फ्रिजचं दार, नळ, लिफ्टचं बटण, काहीही असो, पहिला स्पर्श उलट्या हातानं. मी एकदा विचारलं तर ओशाळून म्हणाले, "वडलांची सवय लागली, मॅडम. करंट असला तर उलटा हात आपोआप मागं येतो. वाईट सवय आहे. हात लावून बघायचंच नसतं, मोजायचं असतं."

मोजायचं. या एका शब्दावर त्यांचं सगळं चालायचं. मीटर हातात घेतला की आधी जिथं वीज आहे हे पक्कं माहीत आहे तिथं लावून बघायचे, मग जिथं काम आहे तिथं, आणि मग परत पहिल्या जागी. "मीटर खरं बोलतोय का, हे त्याला आधी विचार आणि नंतर पण विचार. मधल्या मधे बॅटरी गेली तर तो शून्य दाखवील, आणि तू म्हणशील चला, बंद आहे."

आणि एका शब्दाला त्यांच्या लॅबमध्ये बंदी होती. तो शब्द 'असेल'. फ्यूज गेला असेल, वायर तुटली असेल, खटका बंद असेल. आसंल, होगा, मस्ट बी, कुठल्याही भाषेत बोललात तरी गुन्हा तोच. शिक्षा अशी, की दाराजवळच्या लाकडी स्टुलावर हात मांडीवर ठेवून दहा मिनिटं गप्प बसायचं. "जहाज दहा मिनिटं अंधारात," सर जाहीर करायचे, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचे. एकदा कॅन्टीनवाल्या मामांना त्यांनी विचारलं, चहात साखर आहे का. सरांना मधुमेह. मामा म्हणाले, "नसेल टाकली." सरांनी कप तसाच परत केला. "मामा, 'नसेल' हा 'असेल'चाच भाऊ. टाकली आहे का नाही?" मामा अजून हा किस्सा येईल त्याला सांगतात, आणि सांगताना मधेच उठून चहा चाखून बघतात.

मी येण्याआधी तो खेळ नुसता तोंडी चालायचा; सर नसले की एखादा मुलगाच बिघडलेलं यंत्र व्हायचा, आणि न मोजता हात घालून मेलेल्यानं सरांना शोधून तसं सांगायचं. मी पाहिलेला पहिला तास मला जन्मात विसरता यायचा नाही. सर लॅबच्या मधोमध खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "मी पंप आहे. मघाशी चालू होतो, आता बंद पडलोय. विचारा."

मुलं विचारायला लागली. "सर, तुमच्यात व्होल्टेज किती?"

"माझ्यात म्हणजे कुठं? कुठल्या टोकापासून कुठल्या टोकापर्यंत?"

"एक नंबर ते दोन नंबर."

"चारशे चाळीस."

"दोन ते तीन?"

"शून्य."

मागून एकजण म्हणाला, "सर, तुम्ही जळालात का?"

"वास घे ना राव, येऊन."

आणि तो मुलगा खरंच जाऊन सरांच्या खांद्याशी वाकला. सगळी लॅब हसली, सर मात्र हसले नाहीत. डोळे मिटूनच म्हणाले, "वास येत नाही. पुढं विचार." वीस मिनिटांत मुलांनी तुटलेली वायर शोधून काढली. सर उठले, पाठ चोळली आणि म्हणाले, "आता वय झालं, मॅडम. दिवसातून सहा वेळा पंप होणं जमत नाही. तुम्ही हा पंप त्या मशीनमध्ये घाला."

मी घातला. त्याआधी सात वर्षं हिंजवडीत साड्या विकायचं ॲप केलं होतं, त्यामुळे देखणं करायची खोड होती. पहिल्या नमुन्यात मी लाटा घातल्या, सूर्यास्त घातला, वरून उडणारे पक्षी घातले. चार आठवड्यांची मेहनत. सरांनी चष्मा नाकावर सरकवून शांतपणे सगळं पाहिलं.

"छान आहे. पण इंजिनरूमला खिडकी नसते, मॅडम."

मला असा राग आला म्हणून सांगू! मी फटकळ आहे, घरचे रोज ऐकवतात. मी म्हणाले, "मग मुलांनी बघायचं काय? काळोख?"

"हां!" ते इतके खूश झाले की माझा राग कुठल्या कुठं गेला. "काळोखच. आणि आवाज. आणि दर दोन मिनिटांनी फोन."

तो फोन त्यांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून दिला. बोटीवरचा सेकंड इंजिनिअर खेकसतोय, "अरे बत्ती साब, हो गया क्या? कितना टाइम?" मुलगा वायरिंगच्या नकाशात डोकं घालून बसलेला असतो आणि फोन वाजतो. चिडतो, घाई करतो, मोजायचं सोडून अंदाज करतो. सरांना नेमकं तेच हवं होतं. "बिघाड कुणीपण शोधतो, मॅडम. कुणी डोक्यावर उभं राहून ओरडत असताना शोधायला शिकवायचंय आपल्याला."

आणि मरणाचा जुनाच नियम. वीज चालू असलेल्या जागी न मोजता हात घातला की पडदा काळा होतो आणि मराठीत एक ओळ येते, 'तुम्ही मेलात. जाऊन सरांना सांगा.' पुढं काहीही दाबा, खेळ हलत नाही. परत सुरू करायला चार आकडी नंबर लागतो, तो रोज बदलतो आणि तो फक्त सरांकडं असतो. सर जिथं असतील तिथं जायचं, उभं राहून सांगायचं, "सर, मी मेलो." सर विचारणार, "कशामुळं?" नीट सांगता आलं तर नंबर मिळतो. 'शॉक लागला' हे उत्तर चालत नाही. "तो शेवट झाला. सुरुवात सांग."

मीसुद्धा मेले. मीच लिहिलेल्या खेळात! खटका बंद केला होता, म्हणून बिनधास्त हात घातला. सर व्हरांड्यात शिपायाशी बोलत उभे होते. दहा मुलं बघत होती. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "सर, मेले मी."

"कशामुळं?"

"खटका बंद केला होता ना मी! मला वाटलं, सगळंच बंद असे—" आणि जीभ चावली. माझी स्टुलावरची दहा मिनिटं मुलांनी अगदी प्रेमानं मोजली.

मला मारलं तो बिघाड नंबर सतरा. समजायला सोपा आहे. समुद्रावर हवा ओलसर. मोटर चालू असते तोवर गरम राहते, बंद झाली की आत ओल धरते. म्हणून बोटीवरच्या मोठ्या मोटरींच्या पोटात एक छोटा हीटर असतो. मोटर बंद झाली की तो आपोआप चालू होतो, आणि त्याची वीज दुसऱ्याच बोर्डातून येते. म्हणजे तुम्ही मोटरचा खटका पाडता, झाकण उघडता, आणि तुम्ही बंद केलं म्हणूनच आतल्या दोन टोकांवर वीज आलेली असते. जो मोजतो तो वाचतो. सतरा नंबरला सगळी बॅच मरायची, पण पूनम तापकीरइतकं कुणी मेलं नाही.

पूनम चऱ्होलीची. वडिलांचं शेत बिल्डिंगांखाली गेलेलं, पोरगी हुशार आणि वाऱ्यावर स्वार. सगळ्यात आधी बिघाड हिला सापडायचा, आणि सगळ्यात आधी हीच मरायची. पार्किंगमध्ये, ग्रंथालयात, एकदा तर सर स्कूटरला किक मारत असताना ही पुढं हजर. "सर, मी मेले."

"परत? कशामुळं?"

"घाई केली, सर."

"घाईनं कुणी मरत नाही. घाईत काय केलं नाहीस?"

"मोजलं न्हाई."

"मग तसं सांग की." आणि स्कूटर बंद करून नंबर द्यायचे.

मग सरांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखाना, अँजिओप्लास्टी, दीड महिना घरी. इकडं लॅबमध्ये मेलेल्या मुलांचा ढीग साचला. नंबर कोण देणार? त्यात चाकणहून प्रवेशाची चौकशी करायला आलेल्या एका पालकांनी एका मुलाला "अरे, मी काल मेलो, अजून तसाच आहे," असं म्हणताना ऐकलं आणि प्राचार्या मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन तमाशा केला. मॅडमनी मला बोलावलं. बाई वाईट नाहीत, पण त्यांना कॉलेज चालवायचं होतं. "खेळ आहे ना तो? मग एक 'पुन्हा खेळा' बटण टाका आणि विषय संपवा." मी टाकलं. अर्ध्या तासाचं काम. खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माझ्या साड्यांच्या ॲपमध्येही मागं जायचं बटण होतंच की.

सर परत आले ते बारीक होऊन. लॅबमध्ये शिरले तर मुलं शेंगदाणे खावेत तशी मरत होती. मेलं, दाबलं बटण. मेलं, दाबलं बटण. सतरा नंबर एका दुपारी सगळ्यांचा पार झाला होता, अंदाजानं. सर बराच वेळ एका मुलाच्या मागं उभे राहिले. मग मुलांना सोडून दिलं आणि माझ्यासमोर बसले.

मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "पोरी, दाऊदभाईंचं तुला सांगितलं नाही ना मी कधी?"

मला ते नेहमी मॅडम म्हणायचे.

दाऊदभाई रत्नागिरीकडचे, बोटीवर मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधले कामगार. पंपाची मोटर सोडवायची होती. खटका सरांनी स्वतः पाडला होता. वरून फोन सारखे येत होते. दाऊदभाईंनी झाकण उघडलं, वायरींकडं बघितलं आणि विचारलं, "बत्ती साब, बंद है?" सर दुसऱ्या पॅनेलमध्ये डोकं घालून उभे होते. तिथूनच म्हणाले, "होगा."

"एवढंच बोललो मी," सर म्हणाले. "मीटर गळ्यात होता माझ्या. चार पावलं होती."

आतल्या हीटरची वीज चालूच होती. दाऊदभाई जागीच गेले. पुढं सर सुट्टीवर आले तेव्हा त्यांच्या घरी गेले. दाऊदभाईंच्या बायकोनं पाणी दिलं आणि विचारलं, "कशामुळं झालं?" सर म्हणाले, शॉक लागला. ती म्हणाली, ते कळलं, पण कशामुळं?

"मला सांगता नाही आलं. पाणी पिऊन उठलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ती बाई अजून विचारतीय. म्हणून मी पोरांना विचारतो. ज्याला एकदा तोंडानं सांगावं लागलं ना, की मी मोजलं नाही म्हणून मेलो, तो दुसऱ्याला 'होगा' म्हणणार नाही. तुझ्या बटणाला कोण विचारतंय?"

मी रडले. स्पष्टच सांगते, तिथंच बसून रडले. आणि त्याच संध्याकाळी बटण काढलं असतं, पण सर नाही म्हणाले. "ते मॅडमच्या परवानगीनं आलंय, त्यांच्याच परवानगीनं जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी ते प्राचार्या मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "बटण ठेवायचं असेल तर मी आजच घरी जातो. पण त्याआधी तुम्ही एकदा खेळा. बटण न वापरता." त्या वाक्यातला 'असेल' मला ऐकू आला, पण दंड लावायची ती वेळ नव्हती. मॅडम भौतिकशास्त्राच्या, हुशारीचा अभिमान असलेल्या. आपल्या कॉम्प्युटरवर खेळल्या, दोनदा फोन वाजला, तिसऱ्यांदा वाजला, आणि पडदा काळा. सर तोवर मुद्दाम लॅबमध्ये येऊन बसले होते. केबिनपासून लॅब म्हणजे अख्खं मैदान. त्या कडक इस्त्रीच्या साडीतल्या बाई भर दुपारी परेड करणाऱ्या मुलांसमोरून चालत आल्या. दारात थांबल्या. आम्हाला वाटलं, आता सरांची नोकरी गेली.

"सर," त्या म्हणाल्या आणि घसा खाकरला. "मी मेले."

"कशामुळं, मॅडम?"

"मी मोजलं नाही. बंद केलंय म्हणजे बंद आहे, असं धरून चालले." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ते बटण काढून टाका." आणि आल्या तशा मैदानातून परत गेल्या. सर उठून उभे राहिले होते. त्या दिसेनाशा होईपर्यंत बसले नाहीत.

बटण गेलं, मुलं परत मरायला लागली आणि कॉलेजचं ठीक चाललं. पूनम त्यानंतर आणखी तीनदा मेली. कोर्स संपवून बोटीवर निघाली तेव्हा पेढे घेऊन आली. सरांनी पेढा बाजूला ठेवला आणि विचारलं, "मोजशील ना गं?" ती म्हणाली, "व्हय सर." ती गेल्यावर सर बराच वेळ खिडकीतून बघत होते. "हुशार आहे," म्हणाले, "म्हणून भीती वाटते."

सर निवृत्त झाले तो दिवस. दुपारी चारला हॉलमध्ये निरोपसमारंभ. हार, शाल, प्राचार्यांचं भाषण, सगळं तयार. सर लॅबमध्ये आपला खण रिकामा करत होते आणि मी मदतीच्या नावाखाली नुसतीच घुटमळत होते. उद्यापासून 'कशामुळं' मी विचारायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला धाकधूक होती. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऐकू कमी येतं म्हणून ते नेहमी स्पीकर लावायचे.

"सर?" पूनम होती. मागं इंजिनची घरघर. "सर, मी न्हाई मेले!"

सर उभेच राहिले. "काय झालं?"

"पंपाची मोटर उघडली, सर. सेकंड म्हनला, बंद केलंय, घाल हात. सतरा नंबर, सर! डिट्टो सतरा नंबर! माझ्यासंगं मोटरमन व्हता, त्यो हात घालनार तेवढ्यात मी—"

फोन कटला.

"कशामुळं?" सर बंद फोनला विचारत होते. "पूनम? तेवढ्यात काय केलंस? कशामुळं?" परत लावला. लागला नाही. समुद्रावरचं नेटवर्क, ते काय लागणार. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. माझ्याकडं बघून, धीर मलाच द्यायचा असल्यासारखे म्हणाले, "मोजलं असेल तिनं."

तो 'असेल' त्यांचा त्यांनाच ऐकू आला. भिंतीवरच्या घड्याळाकडं त्यांची मान आपोआप वळली.

"सर," मी म्हणाले, "दहा मिनिटं."

ते हसले. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. दाराजवळच्या लाकडी स्टुलावर जाऊन बसले, हात मांडीवर ठेवले, आणि गप्प. चार वाजले. प्राचार्या मॅडम स्वतः बोलवायला आल्या, हातात हार. मी ओठांवर बोट ठेवून घड्याळ दाखवलं. त्या हार सावरत दाराबाहेर थांबल्या.

आठव्या मिनिटाला फोन वाजला. शिक्षा संपलेली नव्हती, म्हणून सर उठले नाहीत. बोलायची तेवढी सूट देऊन मीच फोन उचलून त्यांच्या तोंडापुढं धरला.

"हां, पूनम," ते म्हणाले. "कशामुळं?"

"मोजलं म्हनून, सर."

सरांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. अजून दोन मिनिटं बाकी होती. ती त्यांनी पुरी केली.